पानाचा रंग पिवळा होता

बाबा, मागचा आठवडाभर आई तुमच्या कॉम्प्युटरला शिवली नाही, आणि ते माझ्यामुळे. तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी ती टाइप करायला शिकली. आता रोज सकाळी चहा झाला की तिथे बसते आणि माहेरच्या आठवणी लिहिते. माझा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता आणि गोपालपुऱ्याच्या ज्या कोचिंगमध्ये मी केमिस्ट्री शिकवते, तिथे पेपर काढून द्यायचा होता. म्हणून वैशाली नगरला आईकडे आले आणि तुमच्या टेबलाशी बसले. लिहायचा प्रोग्राम उघडला, तर पान फिकट पिवळं, अक्षरं ही एवढी मोठी, आणि वरचे सगळे शब्द मराठीत. तुम्हीच तसं लावून ठेवलं होतं. माझं वाचन सगळं इथल्या हिंदी शाळेतलं. ‘पर्याय’ वाचून मला हिंदीतले पर्यायवाची, म्हणजे समानार्थी, शब्द आठवले. सेटिंग त्याच्याच आत असतात, हे कळेपर्यंत माझी अर्धी सकाळ गेली. मग मी भाषा इंग्रजी केली, पान पांढरं केलं, अक्षरं लहान केली, पेपर काढला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आई बसली, तेव्हा मी परत आले होते. पान बघताच तिनं हात मागे घेऊन मांडीवर ठेवले. मग म्हणाली, “हे कुणाचं आहे?”

आत्ता आधीसारखं करून देते, असं म्हणून मी बसले खरी, पण आधी नेमकं कसं होतं? पिवळा म्हणजे कुठला पिवळा? तिथे तर कितीतरी होते. कोचिंगमध्ये कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या भैयांना विचारलं. पहले क्या था, एवढंच त्यांनी विचारलं आणि मला सांगता येईना. “रीसेट करेंगे तो कंपनीवाला रंग आएगा, मॅम,” ते म्हणाले. “पापाजी वाला नहीं।”

एक दिवस आठवला. मी कॉलेजात आहे, कॉम्प्युटर नवा, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेला, आई आत पोळ्या लाटतेय. मी सेटिंग उघडून काहीबाही दाबत बसलेय. तुम्ही रेल्वेच्या सिग्नलच्या कामावरून नुकतेच आलेले, बूटही काढलेले नाहीत. आधी काय आहे ते बघ आणि मग हात लाव, एवढंच तुम्ही म्हणालात, पण मी रुसून जेवले नाही. हे सगळं तुम्ही तुमच्यासाठी लावलंय, असं मी धरून चालले होते. आता आई म्हणते की तुमच्या शेजारी बसली की पांढरं पान तिच्या डोळ्यांना टोचायचं, पण हे तिनं तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मग तुम्हाला कसं कळलं? आणि तेव्हा तर ती माउसलाही हात लावत नसे. ती पुढे कधीतरी लिहील, असं तुम्हाला वाटलं होतं का? मतलब, तुम्ही ते कुणासाठी करत होता, बाबा?

रविवारी तिला शेजारी घेऊन बसले. मराठी परत आणली, अक्षरं मोठी केली आणि एकेक पिवळा दाखवत गेले. हा गडद आहे, हा मळका दिसतो, ती सांगत होती. मग मधेच एका फिकट हिरव्यावर तिनं बोट ठेवलं.

“हा राहू दे.”

“बाबांनी पिवळा ठेवला होता, आई.”

“माहीत आहे मला. हा बरा वाटतोय.”

आणि ती टाइप करायला लागली. तिचे डोळे बदलले, की माझी धडपड बघून तिनंच मला मोकळं केलं, मला अजून समजत नाही. विचारलं तर हसते. पण त्या दिवशी मी तिच्याशी धड बोलले नाही, जेवतानासुद्धा. तिनं तुमचा रंग मागितला नाही, याचा मला राग आला होता. हे तिला सांगणं काही मला जमायचं नाही. हे पान कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगून टाकलं.