चावीपायी अडलेला जावई

॥ बिरोबा प्रसन्न ॥
सोलापूर, विजापूर रोड

तीर्थस्वरूप अभिमन्यूदादा यांना तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे बिरुदेवचा, कमरेतून वाकून नमस्कार. (याहून खाली सध्या वाकता येत नाही. कारण पुढं येईल.) वहिनींची पाठ आता कशी आहे? म्हैस व्याली का? तुमच्याकडं पाऊस झाला असं ऐकतो, आमच्याकडं नुसतं आभाळ भरतं आणि अक्कलकोटकडं निघून जातं. आमची आई ठणठणीत आहे. माझं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, मी बरा नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. दादा, तुमचा फोन हल्ली सुकन्याच उचलते आणि माझा नुसता खोकला ऐकला तरी ठेवून देते. म्हणून हे पत्र तुमच्या नावानं पाठवतो आहे. वाचताना ती शेजारी असेल तर मोठ्यानं वाचा, नसेल तर जरा जास्तच मोठ्यानं वाचा.

तुम्ही म्हणत असाल, काय दगडाच्या काळजाचा दाजी मिळाला! बायको रुसून माहेरी आली, पोळा उलटला, घट बसायची वेळ झाली, तरी गडी न्यायला यायचं नाव काढत नाही. तर तसं न्हाय दादा. गडी रोज निघतो, गाडी निघत नाही. जाताना ती काय म्हणाली ते तिनं तुम्हाला सांगितलं असेलच, पण तिच्या सांगण्यात माझी बाजू गळत असेल म्हणून परत सांगतो. ती म्हणाली, "ज्या गाडीवरनं लग्न करून आणलं त्याच गाडीवरनं न्यायला या. एसटीनं आलात तर आल्या पावली परत जावा." आणि भांडण कशावरनं झालं? त्याच गाडीची चावी हरवली त्यावरनं! म्हणजे चावी नाही म्हणून बायको गेली, आणि चावी नाही म्हणून बायको आणता येत नाही. आता बोला. यात शिरायचं कुठनं तेच मला कळेना. कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालतानासुद्धा माझ्या डोक्यात हेच चालतं, आणि घडी उलटी पडते.

चावी कशी हरवली म्हणून विचाराल, तर ते ठाऊक असतं तर ती हरवली कशाला असती? मी घरी आलो, गाडी दारात लावली, हँडल लॉक केलं, चावी काढली. इथवर लख्ख आठवतं. पुढं सगळा अंधार. सकाळी चावी दिसेना, तेव्हा मी फक्त एवढंच म्हणालो की या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. (फक्त एवढंच. आईला विचारा. नको, आईला नका विचारू.) त्यावर ती म्हणाली, घर मी लावते, चावी तुमची हाय. त्यावर मी जे म्हणालो ते लिहीत नाही, कारण पत्र मोठ्यानं वाचायचं आहे.

ती गेल्यावर आईनं बिरोबाला कौल लावला. दोन पाकळ्या भिजवून देवाच्या दोन अंगाला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर चावी घरात, डावी पडली तर घराबाहेर. एक पाकळी पडली. झालं, मी घर उपसायला उठलो, तर शेजारचे शंकरप्पा म्हणाले, थांबा, ही डावी. आई म्हणाली, देवाची उजवी. शंकरप्पा म्हणाले, विचारणारा कोण? आपण. मग उजवं आपलं धरायचं का देवाचं? आई चिडली आणि म्हणाली, देवाला काय तुमची बाजू ठाऊक? (शंकरप्पा चिडले की कन्नडमध्ये बोलतात आणि आई त्यांना त्याहून मोठ्यानं मराठीत उत्तर देते. दोघांना एकमेकांचं सगळं कळतं, मला दोन्हीतलं काही कळत नाही.) शेवटी आईनं घर उपसलं, शंकरप्पांनी गटारीपर्यंतचं अंगण उपसलं, आणि मी उंबऱ्यावर बसून राहिलो, म्हणजे देवाचं कुठलंही खरं निघालं तरी मी जवळच. आईला तिची हरवलेली जोडवी सापडली. शंकरप्पांना त्यांचीच एक चप्पल सापडली. मला काही सापडलं नाही.

मग ठरलं की नवी चावी करायची. स्टँडजवळ छत्री लावून एक चाचा बसतात, त्यांच्याकडं मी गेलो. ते म्हणाले, "चाबी लाव, वैसीच बनाता." मी म्हणालो, चाचा, चावी असती तर आलो कशाला असतो? ते म्हणाले, "तो गाडी लाव." म्हणजे गाडी घेऊन या. आता हँडल लॉक केलेली गाडी न्यायची कशी? ढकलली की ती डावीकडं वळते. मी आणि शंकरप्पा तिला गल्लीतनं ढकलत निघालो आणि चार घरांना वळसा घालून पुन्हा आमच्याच दारात आलो. आईनं विचारलं, एवढ्यात झाली चावी? शेवटी टेंपो केला. चढवताना माझ्या नेहमीच्याच दुखऱ्या कमरेत जी उसण भरली ती अजून निघालेली नाही. न वाकण्याचं कारण ते हे.

गाडी बघून चाचा म्हणाले, कागद दाखवा, कुणाच्याही गाडीला आम्ही चावी करत नाही. बरोबर आहे त्यांचं. पण दादा, कागद गाडीच्या बाजूच्या डब्यात, आणि त्या डब्याला हीच चावी! बरं, कागद मिळाले तरी त्यावर नाव तुमच्या वडिलांचं. मामांनी लग्नात गाडी दिली तेव्हापासून नावावर करून घेऊ, घेऊ म्हणता राहून गेलं. म्हणजे चावी मिळाली तर कागद, कागद मिळाले तर चावी, आणि दोन्ही मिळाले तर गाडी माझी नाही. शंकरप्पा म्हणाले, डबा फोडू. त्यांनी हातोडा मागितलासुद्धा. मी हात धरला. डब्यावर मी लग्नाच्या वर्षी पांढऱ्या रंगानं 'सुकन्या' असं लिहिलंय. 'सु' थोडा ओघळलाय, पण नाव तिचंच आहे. त्यावर हातोडा कोण मारणार?

चाचांनी ते नाव बघितलं आणि विचारलं, "ये कौन?" मी म्हणालो, बायको. ते म्हणाले, मग तिला फोन लावा, ती सांगेल गाडी कुणाची. मी त्यांच्याच मोबाईलवरनं तुमचा नंबर लावला. नंबर अनोळखी, म्हणून तिनं उचलला. (परवा दुपारी आलेला फोन तो हाच.) चाचांनी विचारलं, बाई, बिरुदेव नावाचा माणूस हितं उभा आहे, तुमचा कोण? ती म्हणाली, "मी वळखत न्हाय." आणि पुढं म्हणाली, "त्यो हातानं वस्तू हरवतो आन् दुसऱ्याच्या नावानं बोंब मारतो. एवडा म्हैना झाला, कमरंला पट्टा लावला का न्हाय, जेवतो का न्हाय, कोन इचारनार त्येला? मला काय त्येचं? मी वळखत न्हाय म्हनून सांगा!" आणि ठेवला.

तोवर गर्दी जमली होती. एकजण म्हणाला, चोरीची गाडी. दुसरा म्हणाला, पोलिसांना बोलवा. शंकरप्पा दोन पावलं माझ्यापासून लांब सरकले. (शेजारधर्म!) पण चाचा हसायला लागले. म्हणाले, "बनाता मैं चाबी. ये पक्की तुम्हारीच बीवी है. गैर औरत इत्ता गुस्सा नै करती." गर्दीतल्या सगळ्या लग्न झालेल्या लोकांनी माना हलवल्या आणि ते आपापल्या वाटेला लागले.

चाचांनी कुलपात कोरी चावी घालून, काढून, घासून, पुन्हा घालून चावी केली. हँडल सुटलं. डबा उघडला. कागद मिळाले. मला इतका आनंद झाला की मी चाचांना मिठी मारायला गेलो आणि कमरेनं अडवलं.

तर असं आहे दादा. उशीर का झाला ते तुम्हाला कळलं असेल. मला अजून नीट कळलेलं नाही. या रविवारी सकाळी मी त्याच गाडीवरनं केमला तुमच्याकडं येतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
बिरुदेव

ता. क. वर चावी झाली असं लिहिलंय, ते त्या वेळेपुरतं खरं आहे. काल चालू करताना ती कुलपात तुटली. अर्धी आत, अर्धी माझ्या हातात. पण गाडी चालूवरच अडकली आहे, त्यामुळं चावीची गरज उरलेली नाही. किक मात्र रागाच्या भरात माझ्याच पायानं मोडली. आता गाडी उतारावर ढकलली की चालू होते, आणि रेस सोडली की बंद पडते.

दुसरा ता. क. सांगायचं होतं ते हे. मला तुमच्या दारात उतरता येणार नाही. उतरलो की गाडी बंद, आणि सासरच्या माणसांनी जावयाची गाडी ढकलायची, हे बरं दिसत नाही. तेव्हा टॉवेल-टोपी ठेवू नका (टॉवेल मी दिवसभर बघतोच). चहा कपात नको, पेल्यात द्या, एका हातानं घेईन. रुसलेल्या लेकीला न्यायला आलं की चार माणसांत बसून समजूत काढायची असते, ती तेवढी माझ्या वतीनं शनिवारीच काढून ठेवा. इंजिनाच्या आवाजात मला काही बोलता येणार नाही, म्हणून लिहितो. चूक माझी होती. घरात आता सगळं जागेवर आहे आणि मला काही सापडत नाही. मला करमत नाही दादा.

तिसरा आणि शेवटचा. पिशवी भरून तिला तेवढं दारात उभं करा. मी रेस धरून थोडा वेळ थांबेन, पण फार थांबलं की इंजिन तापतं. ती आली नाही तर मी निघून जाईन. पण घाबरू नका, सोलापूरला जाणार नाही. गावाला वळसा घालून परत दारात येईन. तेव्हाही आली नाही तर अजून एक वळसा. टाकी फुल केली आहे.