पुस्तकाची ननंद

प्रिय वन्सं,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आपण राहत होतो एकाच घरात. मग पत्र कशाला लिहायचं? पण आज मार्थाने असं काही विचारलं की तुमच्याशी बोलल्याशिवाय मला राहवेना. तुम्हाला जाऊन येत्या नाताळात वर्ष होईल. तरी अजून दाराकडे मान वळते.

तुमची लाडकी मार्था आता अडखळत का होईना, वाचते. महाराजांनी शाळा मोफत केल्यापासून गल्लीतलं प्रत्येक पोर दुकानांच्या पाट्या वाचत सुटलंय. आज तिने शुभवर्तमान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, येशूची आई आणि त्याचे भाऊ बाहेर उभे होते. मग मला म्हणाली, "आजी, येशूला भाऊ होते? म्हणजे मरीयामाईला आणखी मुलं होती?"

वन्सं, तेच वाक्य आणि तीच खोली. मला हसूच आलं.

महाराज गादीवर बसले त्या वर्षी मी बेळगावहून लग्न होऊन आले. कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी मला 'मडम' म्हणालात. चार-पाचच कॅथलिक घरं होती आपली, आणि पाद्रीबाबा वर्षातून तीनदा येणार. दर रविवारी सगळे आपल्या सोप्यात जमायचे. तुम्ही जपमाळ सांगायचात आणि पोरांना गोष्टी शिकवायचात, सगळ्या तोंडपाठ. नोहाच्या तारवात तर तुम्ही पंचगंगेकाठच्या म्हशीही चढवल्या होत्या.

"वन्सं, म्हशी कुठे लिहिल्यात?" मी विचारलं.

"लिहिल्या न्हाईत, पर असणारच की. दुधाबिगर चाळीस दिस कसं काढलं असतील?"

सगळे हसले, आणि मला ते लागलं. रात्री मी यांच्याकडे कुरकुर केली, की वाचता न येणाऱ्या बाईने धर्म शिकवू नये. पुढच्या रविवारपासून शिकवायला मी बसले. तुम्ही भांडला नाहीत. उंबऱ्याशी जाऊन शेंगा सोलत बसलात. तुम्ही भांडायला हवं होतं हो. इतर वेळी मीठ जास्त पडलं तरी गल्ली ऐकायची.

माझ्याकडे मराठी शुभवर्तमान नव्हतं. दारावर एक पुस्तकवाला आला, त्याच्याकडून नवा करार घेतला. तुम्ही त्याला विचारलंत, "पावणं, हे आमच्या पाद्रीबाबांनी बघितलंय का?" तो म्हणाला, "बाई, देवाच्या शब्दाला बघायचं काय?" मला ते उत्तर फार आवडलं होतं.

त्याच पुस्तकातून मी ते भावांचं वाक्य वाचलं. शिवणकाम करणारी आपली साळूबाई जपमाळ हातात धरून बसली होती. तिने मार्थासारखंच विचारलं. मी ऐटीत म्हणाले, "लिहिलंय म्हणजे असणारच."

साळूबाईच्या हातातली माळ थांबली. ती हळूच म्हणाली, "मग आमी इतकी वर्सं मरीयामाईला काय म्हणत बसलो? सदाकुमारी, सदाकुमारी?" तिने लेकरांना उठवलं आणि ओच्यात माळ टाकली. तिच्यामागे बाकीचेही उठतील, हे मला दिसत होतं. चार-पाच घरांचा तो रविवार मोडला असता तर तो पुन्हा कोण जमवणार होतं? मी घाईघाईने पुस्तकाची पानं उलटू लागले.

तेव्हा उंबऱ्यावरून तुमचा आवाज आला.

"साळे, खाली बस. काल तुझ्याकडं कोण जेवाय आलतं?"

"भाऊ आलता."

"तुझ्या आईच्या पोटचा?"

"न्हाय, चुलत्याचा."

"मग भाऊ का म्हणलीस?"

"भावाला भाऊच म्हणणार की!"

"तेच म्हंते मी. आनि पोटचं भाऊ असतं, तर क्रुसावरनं त्यानं आईला शिष्याच्या हाती कशाला दिली असती?"

साळूबाई बसली. तुम्ही पुन्हा शेंगा सोलायला लागलात, जणू काही झालंच नाही.

पाद्रीबाबा आले तेव्हा मी रडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाळ, पुस्तकाच्या आधी माणसं होती. त्यांनी येशूकडून ऐकलं, इतरांना सांगितलं, मग लिहिलं. कुठली पुस्तकं देवाची, हेही ख्रिस्तसभेनंच ओळखलं. ज्या घरात पुस्तक जन्मलं, त्या घराला विचारून वाचावं." म्हशींचंही मी विचारलं बरं का! ते खूप हसले. "असतील म्हशी. पण त्या मानल्याच पाहिजेत असं ख्रिस्तसभा म्हणत नाही."

त्यांनी मला इंग्रजी शुभवर्तमान दिलं. ते बघून तुम्ही विचारलंत, "ह्या तळच्या बारीक अक्षरांत काय हाय?"

"वरच्या ओळींचा अर्थ. वाचणारा चुकू नये म्हणून."

"म्हंजे पुस्तकालाबी ननंद हाय की!"

त्या दिवसापासून वाचायचं मी आणि शिकवायचं तुम्ही, असं ठरलं. किती मजेत गेले ते रविवार! पण मी तुमची माफी कधी मागितली नाही. तुम्हीही कधी ती वेळ येऊ दिली नाहीत. माझा चेहरा गंभीर झाला की म्हणायचात, "मडम, भाकरी करपाय लागली बघ."

आज मार्थाला मी साळूबाईच्या भावाची गोष्ट सांगितली. तिने लगेच विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"मोठ्या आजीने."

"तिला?"

"तिच्या आईने."

"आणि तिला?"

"तिच्या पाद्रीबाबांनी. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी."

मार्था बोटांवर मोजत मागे मागे जात राहिली. बोटं संपली तेव्हा म्हणाली, "म्हणजे शेवटी ज्यांनी येशूला बघितलं, त्यांनी?"

आणि वन्सं, तुमच्या मडमच्या तोंडून निघालं, "व्हय."

येत्या रविवारी वाचायला मार्थाला बसवणार आहे. मी उंबऱ्याशी शेंगा घेऊन बसेन, आणि ती अडली की तिथूनच बोलेन. तारवात म्हशी नक्की चढवेन. मानल्याच पाहिजेत असं मात्र नाही, हेही सांगेन. हा माझा शब्द.

चुकले होते मी, वन्सं. घ्या, लिहून टाकलं. आता भाकरीचं नाव काढू नका.

तुमची मडम,
इसाबेल