कोंडूबाईचा हात

अंबरनाथ, रविवार, जुलै १९५३

आज आपल्या तिन्ही ख्रिस्ती मंडळ्यांच्या सभेत ठरलं, आपले एकुलते एक पाळक यापुढे अंबरनाथ आणि उल्हासनगरच सांभाळतील. बदलापूरकडच्या डोंगरवाडीला दोन महिन्यांतून एक रविवार. वाडीची वाटही न पाहता हात वर झाले. अध्यक्ष म्हणाले, "लिहा, एकमताने." चिटणीस मी. लिहिलं.

तेवढ्यात वाडीची प्रतिनिधी कोंडूबाई दारात. भातलावणी टाकून चालत आलेली, कोपरापर्यंत चिखल. तिनं हात वर केला.

"बाई, मतदान झालं," अध्यक्ष म्हणाले.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग आमाला बोलावलं कशाला, दादा?"

मी वहीत डोळे घातले. तिचा हात मात्र कितीतरी वेळ वरच.

मी कसला चिटणीस? आम्हा दोघांचा बाप्तिस्मा एकाच सकाळी उल्हास नदीत झाला. पाण्यात उतरायला मी घाबरलो, तेव्हा हाच हात तिनं पुढे केला होता. आणि आज मला तो मोजता आला नाही?

'एकमताने' आत्ताच खोडलं. अध्यक्ष रागावतील, रागावोत. सभा पुन्हा घ्यायला लावणार, तीही वाडीत. चालत आम्ही जाऊ. पोचायला उशीर झालाच, तर दारात आम्ही उभे राहू.