बोटीवरून आलेली जीभ

अहो आचारीबुवा,

मी कामावर निघाले, सहाला येते. भाजी झाकून ठेवली आहे. ती अळणी नाही. तुम्हाला बोटीवर रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्याचं मला फोनवर कळलं, त्या दिवसापासून इथे मीही मीठ निम्मं केलं. काल तुम्ही चव न बघताच वरून मीठ घेतलंत.

*(फडताळात, बरणीवर)*

उघडलंतच ना! गुलाबी मीठ महाग असलं तरी शेवटी मीठच. शेजारच्या कमी सोडियमच्या मिठाच्या पुडीत पोटॅशियम असतं. तुमच्या गोळ्यांबरोबर ते चालणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आपलं रोजचं आयोडीनचंच घ्या, पण चिमटीने. बोटीवरच्या पळीने नको.

*(पुडीच्या पाठीवर, कागद संपला म्हणून)*

कमी मीठ जिभेवर बसायला मला महिना लागला. तुमची रजा तीन आठवड्यांची. म्हणजे आपल्या दोघांना एकच भाजी गोड लागू लागेल, तोवर तुम्ही पुन्हा समुद्रात.

आठवडाभर रजा वाढवून मिळते का, आजच विचारा ना. मिठाचं कारण सांगू नका, हसतील. बायकोने मागितलीय म्हणा.