बाबा मोटर घेऊन लेकवर गेलेत

श्रेयस,

तू फोन घरीच विसरलास, म्हणून लिहितेय. बाबा तुझी जुनी बोटमोटर घेऊन एकटेच लेकवर गेलेत. शेजारच्या डेक्लनने त्यांना व्हॅनने सोडलं, वर स्वतःची होडीही दिली. तो म्हणाला, "एकदम ग्रँड, मजेत होते. 'माझ्या मुलाने दुरुस्त केलीय,' म्हणून सांगत होते." पण इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा नवा इम्पेलर, ते पाणी खेचणारं चक्र, अजून इथे टेबलावरच आहे. तो बसवल्याशिवाय इंजिन तापून मध्येच बंद पडेल, असं तूच म्हणाला होतास ना? वारा वाढलाय. बाबा फोन उचलत नाहीत. ९९९ला फोन करून बचावपथकाला कळवलंय. लाइफ जॅकेट घेऊन मी डेक्लनबरोबर निघतेय. तू सरळ धक्क्यावर ये.

बाबा भेटले की ओरडू नकोस. काल जेवताना त्यांना बोललास तेवढं पुरे.

श्रावणी