पेशी अगदी शांत आहेत

२ फेब्रुवारी
ठरलं. या महिन्यात नाव काढायचंच. लॅबमध्ये एकच जागा पक्की होणार, मी किंवा रुमियाना. बावीसला दोघांचं सादरीकरण आणि लगेच निकाल. ज्याची जागा जाईल त्याने जर्मनीत जाऊन गोदामात खोकी उचलायची. बिचारी रुमियाना.

माझा विषय आमच्या रोडोपी डोंगरात उगवणारा रानचहा. माणसाच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना डिवचलं की त्या धोक्याचे सिग्नल सोडतात आणि दाह सुरू होतो. माझा अर्क ते सिग्नलच बंद पाडणार. आजच सुरुवात करणार होतो, पण बर्फ पडला.

६ फेब्रुवारी
अर्कासाठी शुद्ध अल्कोहोल हवं. खरेदी समिती म्हणते, एप्रिल. यांच्या नादी लागलं तर झालंच संशोधन! सासरे पान्चो यांनी घरी गाळलेली राकिया, म्हणजे द्राक्षाची कडक दारू, आणून दिली. म्हणाले, जावईबापू, हिच्यापुढे कसली सूज टिकतेय! शिवाय तीही नैसर्गिकच.

९ फेब्रुवारी
रुमियाना म्हणते, नुसत्या राकियाचाही वेगळा प्रयोग कर, म्हणजे गुण चहाचा की राकियाचा ते कळेल. इतकी चांगली राकिया पेशींना पाजून फुकट घालवू? ती चाचणी रात्री स्वतःवर केली. दाह आढळला नाही. बायको ज्लात्का मात्र भडकली.

१४ फेब्रुवारी
द्राक्षवेलींच्या छाटणीचा सण. लॅबला सुट्टी नव्हती. मला होती.

१७ फेब्रुवारी, दुपारी
जिंकलो!! सिग्नल शून्य! रुमियानाचा ओव्याचा अर्क जेमतेम वीस टक्के दाबतो. ती विचारते, पेशी जिवंत आहेत का ते बघितलंस? निळा रंग टाक, मेलेल्या असतील त्या निळ्या पडतात. जळते मेली. भिंगाखाली बघितल्या मी. हूं की चूं नाही, अगदी शांत.

सासऱ्यांनी गल्लीभर सांगितलंय.

२१ फेब्रुवारी
निळा रंग आज टाकणारच होतो. पण टाय कुठला घालायचा यातच संध्याकाळ झाली.

२२ फेब्रुवारी
भाषण उत्तम झालं. मग प्राध्यापिका वेलिचकोवाबाईंनी विचारलं, पेशी जिवंत होत्या ना? म्हटलं, शांत होत्या. बाईंनी तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शक मागवला आणि रंग माझ्याच हातून टाकून घेतला. पडदाभर निळंच निळं. एकही वाचली नव्हती. बाईंनी अर्काची बाटली हुंगून विचारलं, राकिया घरची का? एवढी पाजल्यावर तर आमचे काकासुद्धा सिग्नल देत नाहीत. सगळा हॉल हसला, रुमियाना तेवढी हसली नाही. जागा तिला मिळाली.

घरी आलो तर टेबल मांडलेलं, शेजारीपाजारी जमलेले. सासरे म्हणाले, काय हो, बंद पडले ना सिग्नल? म्हटलं, पडले. म्हातारा आनंदाने रडायलाच लागला. सगळ्यांनी माझ्या नावाने ग्लास उंचावले. मीही उंचावला. ज्लात्काने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, आत गेली आणि कपाटावरची माझी मोठी प्रवासाची बॅग खाली काढली. मी म्हटलं, अगं, आधी जेवून तर घेऊ.