हातमोज्यांखालचे हात

५ मार्च, गुरुवार
पहाटे साडेपाच. आई उठायच्या आत जो तास मिळतो तो खेळाचा. रानजाई, खेळातलं माझं पात्र, पडद्यावर तळ्याकाठी उभी होती, काल सोडली तिथेच. मी झोपलेली असते तेव्हाही ती पाण्याकडे बघत उभी असते असं मला वाटतं. खरं तर मी बंद केलं की ती कुठेच नसते.

आज तिला नवे हातमोजे मिळाले. मोरपंखी, मनगटाशी रुपेरी पाकळ्या. बेचाळिसावी जोडी. अंगात चिलखत कुठलंही असो, वरून हवा तो पेहराव चढवता येतो. ताकद चिलखताची, दिसणं पेहरावाचं. खेळातली ही सोय मला फार आवडते. फार आवडते याची जराशी लाजही वाटते.

शमा आली. सध्या रोजे आहेत, सहेरी आणि नमाज झाली की तीही तासभर येते. "दस्ताने-अक्का, ये जोड़ा तो कतल है!" आमच्या सहा जणांच्या मंडळात माझं हेच नाव. सुमन हे खरं नाव फक्त शमाला माहीत आहे. दोन वर्षं रोज कानात तिचा आवाज, आणि एकमेकींना पाहिलेलं नाही. एकाच शहरात असून.

ती कारचोबी करते. लाकडी चौकटीवर कापड ताणून जरीचं काम. म्हणाली, ईदच्या ऑर्डरी संपल्या की तुझ्यासाठी खरेखुरे हातमोजे करते, रानजाईचे हेच. "कागज पो हाथां रखो, पेन्सिल घुमाओ, फोटू भेजो. बस."

हौ म्हणाले. इतक्या पटकन की…

८ मार्च, रविवार
दुपारी कागदावर हात ठेवून पेन्सिल फिरवली. आधी डावा, मग उजवा.

आई मेथी निवडत होती. "काय करायलीस गं? बालवाडीत नाव घातलंस का?"

"एक मैत्रीण हातमोजे शिवणार आहे."

आई थांबली. "मैत्रीण? तिनं बघितलेत हात?"

"नाही."

"मग ठीकंय," म्हणाली आणि पुन्हा मेथी.

कागदावर दोन्ही हात नुसते पांढरे उमटले. रेघेच्या आत काही नाही. वीस वर्षं अंगावर कोड आहे आणि ते असं एका झटक्यात सगळीकडे सारखं झालेलं पहिल्यांदाच पाहिलं. हसू आलं.

पंख्याने कागद उडत होता. उजव्या अंगठ्याने कोपरा दाबला, डाव्या हाताने फोटो काढला, पाठवला. तिचं उत्तर: एक हात, एक फूल.

खोटं पाठवलं का? नाही. रेघ खरी आहे. मग खरं पाठवलं का? तेही म्हणवत नाही.

११ मार्च, बुधवार
कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा केव्हाच आटोपल्या. दिवसभर लॅबमध्ये ब्युरेट धुऊन स्टँडला उलटे लावले. लॅबमध्ये हातमोजे, स्कूटीवर हातमोजे आणि तोंडाला स्कार्फ. इथल्या उन्हात सगळ्याच बायका तसं करतात, त्यामुळे मला कुणी काही विचारत नाही. या शहराचे त्याबद्दल उपकार आहेत.

खेळात नवी सोय आली आहे: पात्राच्या त्वचेवर काढता येतं. तीळ, गोंदण, वांग, व्रण. एक बारीक ब्रशही आहे. आपण हवं ते काढायचं. पाच मिनिटं बघत बसले. मग आई उठली.

१४ मार्च, शनिवार
तीन पहाटा लागल्या. पूर्ण झालं.

रानजाईच्या डाव्या पंजाच्या पाठीवरचा मोठा डाग आधी काढला. त्याचा काठ सरळ नाही, ओल्या कागदावर शाई फुटावी तसा आहे. मग बोटांची टोकं. मग मनगटाच्या आतली तीन छोटी बेटं. स्वतःचा हात पडद्याशेजारी धरून, दिव्याखाली, नीट बघून. इतक्या नीट मी तो कधीच बघितला नव्हता. त्या बेटांमध्ये गव्हाळ रंगाचे दोन ठिपके शिल्लक आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

उजव्या अंगठ्यावरचा डाग यंदाच्या थंडीतला. तो तिला दिला नाही. तो अजून माझा वाटत नाही.

मग वर मोरपंखी हातमोजे चढवले. आता खाली काय आहे ते फक्त तिला आणि मला ठाऊक. ती तळ्यात उतरली, पाणी हलत राहिलं. शमा म्हणाली, "क्या अक्का, आज बड़े चुप हैं?" मी म्हटलं, काही नाही, बरं वाटतंय.

हे धाडस की लपवण्याचाच नवा प्रकार? अजून ठरवता येत नाही.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
सकाळी गुढी. श्रीखंड आईने केलं, यंदा साखर कमी.

संध्याकाळी पाच वाजता खेळातला कंदिलांचा मेळा. दरवर्षी मंडळाने एकसारखा पेहराव करून जायचं. यंदा तो शमाने जुळवला होता: दुधी अंगरखा, केशरी काठ, डोक्यावर पातळ ओढणी. तिने तो सगळ्यांना पाठवला. एक कळ दाबली की जसाच्या तसा अंगावर.

दाबली.

कंदील सुटले. शेकडो. तळ्यात तेवढेच. रानजाईच्या पाठीमागून मी बघत होते. आमचे म्होरके कॅप्टन गारू (सिकंदराबादला रेल्वेत आहेत, प्रत्येक वाक्य तेलुगूत सुरू करून हिंदीत संपवतात) म्हणाले, "अंदरू रंडी, फोटो लेते." तेलुगूत 'अंदरू रंडी' म्हणजे 'सगळे या'. सगळ्यांनी कंदील धरून हात वर केले. मग इफ्तारची वेळ झाली म्हणून शमा गेली. मी खाली येऊन गुढी उतरवली. खूप दिवसांनी सण झाल्यासारखं वाटलं.

२० मार्च, शुक्रवार
कॅप्टन गारूंनी तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

शमाच्या पेहरावात हातमोजेच नव्हते. तो पेहराव चढवला की त्यात नसलेली वस्तू उतरते. नव्याने खेळणाऱ्यांना हे मीच सांगत असते. मी! बेचाळीस जोड्यांची मालकीण.

सहा जण. पाचांचे हात गव्हाळ. माझे दोन्ही वर केलेले, कंदिलाच्या उजेडात, मनगटापासून बोटांपर्यंत एकेक बेट स्पष्ट. पूर्ण दीड तास मी तशीच सगळ्यांमध्ये हिंडत होते. लोकांना वाकून नमस्कार करत होते.

हातांबद्दल ग्रुपवर कुणीच काही म्हटलेलं नाही. कॅप्टन गारू: "सूपर." बाकीचे: दिवे, टाळ्या. शमाने फोटो पाहिलाय. तिने काहीच टाकलं नाही.

२२ मार्च, रविवार
काल ईद. मी मुबारक लिहिलं. उत्तराला एक फूल. नुसतं.

आज पहाटे ती आली नाही. रोजे संपले, आता झोपत असेल. तसंच असेल.

तळ्याकाठी हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. रानजाई दर वेळी हात पुढे करून उलटसुलट बघते. खेळात ती हालचाल आहेच, नवीन काही घातलं की सगळीच पात्रं ती करतात. आज ती बघण्यात वेळ काढतेय असं वाटलं.

२५ मार्च, बुधवार
आली. आल्या आल्या: "अक्का, एक बात पूछनी थी."

रानजाईच्या हातांत मोजे आहेत ना, ते आधी बघितलं.

"मेले में तुम्हारे हाथां पो जो सफेद काम था, वो किधर मिला? मैं पूरा बाजार छान मारी, नै दिखा. जैसा बादल फटे सो. मेले के रोज से वोईच आँखां में है."

ईदनंतर तिने चौकटीवर मोरपंखी कापड ताणलं होतं, म्हणाली. ते काढून टाकलं. "मोर वाले नक्को. गेहूँ रंग का मखमल लाई मैं. उसपो सफेद रेशम से वोईच बादलां. शुरू बी कर दी."

मी काय म्हणाले? "मिळालं असंच कुठेतरी."

असंच. कुठेतरी.

२६ मार्च, गुरुवार
गव्हाळ मखमल, त्यावर पांढरे डाग. म्हणजे माझ्या हातांवर माझेच हात चढणार. दुपारी लॅबमध्ये हे आठवत एकच चंचुपात्र दोनदा धुतलं.

तिला ते सुंदर वाटलं. पण काय आहे ते माहीत नसताना. न कळता केलेली तारीफ आपण घ्यावी का? परत करता येईल का? कळल्यावर ती मागे घेईल, ही भीती. आणि कळल्यावर उगाच कीव म्हणून दुप्पट देईल, ही त्याहून मोठी.

२९ मार्च, रविवार
शमाचा निरोप: पुढच्या रविवारी तयार. हिमायतनगरातली ती बेकरी, वरचा मजला, अकरा वाजता. "पार्सल नै करूँगी. मैं अपने हाथां से पहनाऊँगी. दो साल हो गए, सूरत तो दिखाओ!"

आईला सगळं सांगितलं. खेळ, ब्रश, मेळा. खेळाचं तिला अर्धं कळलं, बाकीचं पूर्ण.

"सांगू नको. हातमोजे घालूनच जा. म्हणावं ऊन आहे."

"ती दुसरे चढवणार आहे, आई. आधीचे काढावेच लागतील."

तिने आणखी मूठभर शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "नांदेडचे लोक आले होते तुला बघायला, तवा मी स्टोव्हनं भाजलं म्हणाले. आठवतं?"

आठवतं. मी ट्रे धरून उभी होते. ट्रेखाली बोटं.

"तू गप होतीस. मला वाटलं, तुला चालतंय."

"मला वाटलं, तुला लाज वाटते."

"मला भ्या वाटत होतं गं," आई म्हणाली. "लाज कशाची?"

वीस वर्षं मी तिच्या नावावर भलतीच गोष्ट मांडून ठेवली होती. आणि ते ठरत आलेलं लग्न मोडलं तेही खरं कळल्यामुळे की खोटं कळल्यामुळे, हे आम्ही दोघींनी कधी…

शेंगांची टरफलं मी भरली.

२ एप्रिल, गुरुवार
शमाने चौकटीचा फोटो पाठवलाय. मखमलीवर माझ्याच पेन्सिलीची रेघ खडूने उतरवलेली, आत पांढरं रेशीम. डाव्याचा मोठा डाग, फुटलेला काठ, तीन बेटं. बेटांमधले दोन गव्हाळ ठिपकेसुद्धा, तिथे रेशीम भरलेलंच नाही. किती वेळा बघितलं असेल तिने.

आणि उजव्या अंगठ्यावर एक डाग. नखाच्या मुळाशी, अर्धचंद्रासारखा.

तो मी रानजाईला दिलाच नव्हता.

आधी वाटलं, जोड्याला जोड म्हणून आपल्या मनाने भरला असेल. मग आठ तारखेचा फोटो उघडला. कागद, दोन पांढरे हात, आणि कोपऱ्यात कागद दाबून धरलेला माझा अंगठा. उन्हात. अर्धा गव्हाळ, अर्धा पांढरा.

म्हणजे मेळ्याच्या आधीपासून तिच्याकडे होता.

मग "किधर मिला" का विचारलं? तिला खरंच कळलं नव्हतं? का कळलं होतं, आणि मला सांगायला एक दार किलकिलं करून ठेवलं होतं? आणि मी "असंच कुठेतरी" म्हणून ते लावून घेतलं.

का अंगठ्यावरचा तो नुसता ऊन-सावलीचा आकार वाटला, आणि आवडला म्हणून तिने भरला? भरतकाम करणारी बाई. उजेड आणि रंग यांत तिची चूक होईल?

३ एप्रिल, शुक्रवार
पहाटे तळ्याकाठी दोघी. धुकं होतं. मी ब्रश काढला आणि रानजाईच्या उजव्या अंगठ्यावर अर्धचंद्र काढला. शमाचं पात्र शेजारी बसून होतं. हातमोजे परत चढवले नाहीत.

तिच्याकडून फक्त श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.

मग, "इतवार को आ रए ना?"

"हौ."

पहाट सगळी तशीच गेली. वाईट गेली असं म्हणवत नाही.

५ एप्रिल, रविवार
बेकरी, वरचा मजला. पावणेअकरा. वही सोबत आणली, नाहीतर हात कुठे ठेवायचे ते कळत नाही.

निघताना आईने दारात माझ्या पूर्ण बाह्यांकडे पाहिलं. मग पुढे येऊन स्वतःच त्या दुमडल्या, एकदा, दोनदा, कोपरापर्यंत, लहानपणी जेवायला बसवताना दुमडायची तशा. म्हणाली, "उकडतंय." आणि आत गेली.

स्कूटीवरचे हातमोजे डिकीत टाकले. स्कार्फही. जिना चढताना कठड्याला हात लागला, लोखंड गरम होतं. कितीतरी वर्षांत बाहेरच्या एखाद्या वस्तूला असा नुसता हात लागला नसेल.

शेजारच्या टेबलावर दोन मुली. एकीने बघितलं, मग दुसरीने. मग खारी आली आणि त्या विसरल्या.

काय म्हणायचं ते तीनदा जुळवलं. मराठीत नीट जमतं, शमाच्या भाषेत केलं की फार मोठं वाटतं. "वो काम किधर से नै लाई मैं." यापुढे सुचत नाही. कदाचित यापुढे लागणारही नाही. किंवा तिचा चेहरा एक क्षण बदलेल आणि मी तो क्षण बघेन, कारण मी बघितल्याशिवाय राहणार नाही, माझा स्वभाव.

दोनदा जिन्यावर पावलं आली, दुसऱ्याच कुणाची निघाली. आता तिसऱ्यांदा. सावकाश येणारी, हातात काहीतरी जपून धरून चढणारी.

लिहिता लिहिता डावा हात वहीखाली गेला होता. बाहेर काढून टेबलावर ठेवला. पेन ठेवते, म्हणजे उजवाही